लाल गाडीची रेघ

"दोर आवळून धर! सुटली तर ही बया थेट मंडळाच्या गणपतीच्या मांडीवर जाऊन बसंल!"

मी दारातून ओरडत होते आणि माझा मुलगा राजाराम हसत होता. तो आणि अन्वर मिस्त्री एक मोटार ढकलत कारखान्यात आणत होते. आषाढाचे दिवस. कोल्हापुरातल्या आमच्या कुंभार गल्लीत त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. मांडणीवर गणपती, कट्ट्यावर गणपती, जिन्याखाली गणपती. सगळे पांढरे, कोरडे, रंगाची वाट बघत बसलेले. त्यांच्या मधून ही आली. दोनच माणसं बसतील एवढी, डोक्यावर टप नाही, पोट जमिनीला टेकलेलं. कधीकाळी लाल असावी. आता जुन्या विटेसारखी दिसत होती आणि उजव्या दारावर ताटलीएवढा खड्डा होता.

"ही कुठली अवदसा?"

"अवदसा न्हाई आई, स्पोर्ट गाडी हाय. इंग्लंडची. शिर्के वकिलांनी दिली. बंगल्यात पोत्यांखाली सडत पडली होती."

"फुकट दिली?"

"फुकट."

"फुकट कोण काय देत न्हाई. अट काय घातलीय?"

राजारामनं अन्वरकडं बघितलं, अन्वरनं छताकडं.

"हिच्या अंगावर सोनेरी रेघ होती म्हणं," राजाराम म्हणाला. "दोन्ही बाजूंनी, पुढच्या दिव्यापास्नं मागच्या दिव्यापर्यंत. बाकीचं समदं मी करतो. पर ती रेघ तुझ्या हातची पायजे. वकीलसाहेब म्हणाले, आक्कांनी रेघ ओढली की गाडी तुझी. न्हाईतर परत पोत्यांखाली."

माझा उजवा हात पदराखाली होता. तो मी आणखी आत ओढला.

आमच्यात मूर्तीचं बाकीचं काम कुणीही करतं. माती कुणी मळतं, मुकुटाला सोनं कुणी लावतं. पण डोळे सगळ्यात शेवटी, आणि घरात जो मोठा त्याच्याच हातानं. त्याला आम्ही आखणी म्हणतो. सासऱ्यांनी केली, त्यांच्यामागं नवऱ्यानं केली. नवरा गेला तेव्हा गल्लीतली माणसं म्हणाली, आता बाईच्या हातात ब्रश कसा? मी म्हटलं, बघा कसा. दुसरीत शाळा सुटलेली बाई मी, सही करताना अजून जीभ बाहेर येते. पण खारीच्या केसांचा ब्रश धरला की मातीचा गणपती माझ्याकडं बघायला लागायचा. लोक रस्त्यातून ओळखायचे, हा आक्काचा गणपती.

आणि त्या वर्षी अक्षय्यतृतीयेपासून माझा हात थरथरायला लागला. सारखा नव्हे. भाकरी थापताना नाही, कुणाला बोट दाखवून बोलताना तर नाहीच नाही. पण ब्रश घेतला की अंगठ्यातून असा कंप उठायचा, जसं आतून कुणी दार वाजवतंय. डॉक्टरकडं गेले असते तर गल्लीला कळलं असतं. गल्लीला कळलं असतं तर 'आक्काचा हात गेला' म्हणत सगळी गिऱ्हाइकं चौकातल्या बाजीरावच्या कारखान्यात गेली असती. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. चतुर्थी तोंडावर आली होती आणि सगळे गणपती बिनडोळ्यांचे बसले होते. त्यात आता ही गाडी.

सून मालन आतून कालवलेल्या रंगाचं भांडं घेऊन आली. गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आत्याबाई, हिला जागा करायची तर कोण हलणार? गणपती का तुम्ही?"

"तू हल. माहेरी जा चार दिवस. तुझ्या बापाला लई आवडतील असल्या गाड्या."

मालनचा बाप गडहिंग्लजला ट्रक रंगवायचा. मागच्या फळीवर मोर, बाजूला कमळं, आणि सगळीकडं रेघाच रेघा. सोयरीक जुळली तेव्हा मला ते नीट कोणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर ती एकदा माझा ब्रश घेऊन बसली होती, तेव्हा मी हातातून काढून घेतला आणि म्हटलं, हा गणपतीचा डोळा हाय, ट्रकचा मोर न्हवं. त्यानंतर तिनं मागितला नाही, मी दिला नाही. पण जीभ तिचीही माझ्याच जातीची. ती म्हणाली, "माझा बाप म्हणतो, ट्रक बरा. उलटून बोलत न्हाई."

राजाराम दुसऱ्या दिवसापासून गाडीला भिडला. पावडर, पाणी आणि काचकागद घेऊन घासू लागला. जुना रंग पापुद्रे निघावेत तसा निघाला, खाली पत्रा दिसला, काही ठिकाणी गंजानं खाल्लेला. दारावरचा खड्डा त्यानं आपल्या पद्धतीनं भरला. खडूची पूड, सरस, वरून ओला हात. मूर्तीचं बोट मोडलं की आम्ही जसं भरतो तसं. वाळल्यावर इतकं गुळगुळीत झालं की मी स्वतः हात फिरवून बघितला, डावा हात. आणि मग आषाढातला पाऊस कौलातून गळला. सकाळी बघतो तर दाराला गळू झालेलं. टम्म फुगलं होतं, आणि अन्वरनं बोट लावल्यावर लापशीसारखं खाली आलं.

अन्वरनं कपाळाला हात लावला. "अरे भावा, पत्र्याला खडू भरलास? ही काय अनंत चतुर्दशीला पंचगंगेत सोडायचीय?"

राजारामचं तोंड बघण्यासारखं झालं. मालन पदर तोंडाला लावून हसत होती. मला हसू आलं नाही. आमच्या हातून आजपर्यंत जे झालं ते पाण्यात जाण्यासाठीच झालं. दहा दिवस टिकलं की पुरे. टिकवायचं म्हणून काही करायची आमच्या घराला सवयच नव्हती, आणि सवय नसलेलं काम त्या घरात शिरलं होतं.

मग अन्वरनं मोटारीच्या पत्र्यात भरायची खरी लांबी, म्हणजे पुट्टी, आणून दिली, ती भरली, घासली, तांबडा ऑक्साइड मारला. मूर्तीसाठी घेतलेला कॉम्प्रेसर दिवसा गणपतीसाठी फुर्रफुर्र करायचा, दुपारी जेवायच्या सुट्टीत गाडीसाठी. गड्यांना मी ओरडायची, राजारामला ओरडायची, कॉम्प्रेसरलासुद्धा ओरडायची. एका जागी बसवत नव्हतं. चुलीवर आमटी ठेवायची आणि गाडीजवळ यायची, गाडीजवळून मांडणीजवळ जायची, तिथून परत चुलीकडं. आमटी दोनदा लागली.

एक दिवस राहवेना म्हणून चिंच आणि राख घेऊन गाडीचा चकचकीत बंपर घासायला बसले. तांब्याचा हंडा घासतो तशी.

"डाव्या हातानं घासताय?" मालन मागून म्हणाली.

"उजवा सोन्याचा हाय. झिजंल."

ती बसली आणि दुसऱ्या टोकाकडून घासू लागली.

लाल रंग बसला तेव्हा मात्र गल्ली बघायला आली. असा लाल की जास्वंद फिकी पडावी. राजारामनं एक केलं होतं: गाडीचे पुढचे दोन्ही दिवे काढून ठेवले होते आणि लावलेच नव्हते. अन्वर म्हणाला, लाव की आता. तर राजाराम म्हणाला, "डोळे शेवटी." अन्वर हसला. मी हसले नाही. त्या दोन काळ्या खोबणी मी जाईन तिकडं माझ्यामागून यायच्या. मागं बिनडोळ्यांचे गणपती, पुढं बिनडोळ्यांची गाडी, आणि मध्ये मी.

रेघ मी ढकलत नेली. आधी म्हटलं रंग कच्चा आहे. मग अमावस्या काढली. मग हवा दमट आहे म्हटलं. शेवटी वकीलसाहेबांचा निरोप आला, नागपंचमीला येतो.

"नागपंचमीला आपल्यात मातीला हात लावत न्हाईत," मी म्हटलं.

"ही माती न्हाई आई," राजाराम म्हणाला. "पत्रा हाय."

नागपंचमीला गडी सुट्टीवर होते. कारखाना झाडून ठेवला होता. शिर्के वकील काठी टेकत आले. वय झालेलं, एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारली आणि दारावर हात ठेवून उभे राहिले.

"आक्का," ते म्हणाले, "आमच्या घरात तीस वर्षं तुमचा गणपती बसतो. आमच्या मंडळी होत्या तेव्हा म्हणायच्या, हा गणपती मी स्वयंपाकघरात गेले तरी बघतो. तुमच्या हातची रेघ हवी ती म्हणून."

एवढ्यात दारात बाजीराव आला. चौकातला कारखानदार. मागं आणखी चार-दोन जण.

"आक्काची रेघ बघावी म्हटलं," बाजीराव म्हणाला. "सणाचं दुसरं काम काय?"

"ये की. तुझ्या कारखान्यात बघण्यासारखं काय नसंलच."

लोक हसले. मी डब्यातून ब्रश काढला. राजारामनं माझ्या पाठीमागून सोनेरी रंगाची वाटी धरली. मी गाडीच्या पुढच्या टोकाशी अशी उभी राहिले की माझ्या अंगाआड हात झाकला जावा. श्वास आत घेतला. ब्रश टेकवला.

वीतभर रेघ गेली. मग अंगठ्यात दार वाजलं. रेघ गांडुळासारखी वळली.

कुणी बघण्याआधी मागून एक हात आला. रॉकेलचा बोळा, आणि रेघ पुसली गेली. मालन. ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी:

"आत्याबाई, बास करा! गणपतीचा डोळा काढणाऱ्या हातानं असली कामं करायची का? ही ट्रकची रेघ हाय. ट्रकवाल्याच्या पोरीचं काम. द्या इकडं."

बाजीराव म्हणाला, "खरं हाय पोरीचं. आक्का, तुमच्या तोलाचं काम न्हाई हे."

मी वळून तिच्याकडं बघितलं. तिनं माझंच बोलणं, मीच तिच्या तोंडावर फेकलेलं, उचलून माझ्या अंगावर शालीसारखं पांघरलं होतं. ब्रश तिच्या हातात कधी गेला मला कळलंही नाही.

तिनं पदर कमरेला खोचला. करंगळी पत्र्यावर टेकवली, आणि खेकड्यासारखी आडवी चालू लागली. एक पाय दुसऱ्यावरून, थांबणं नाही, बघणं नाही. ब्रश तिच्यामागून नुसता येत होता. पुढच्या खोबणीपासून दारावरून मागच्या दिव्यापर्यंत ती रेघ अशी गेली, जशी ताणून धरलेली तार. टोकाला तिनं मनगट उचललं आणि रेघ केसासारखी बारीक होऊन संपली.

अन्वर हळूच म्हणाला, "या अल्ला."

वकीलसाहेब वाकून बघत होते. मग सरळ झाले.

"सुंदर," ते म्हणाले. "पण आक्का, अट तुमच्या हाताची होती." ते हट्टानं बोलत नव्हते. म्हाताऱ्या माणसाचं एक मागणं असतं ना, तसं. "दुसरी बाजू राहिलीय. ती तुम्ही ओढा. अट पुरी झाली."

राजारामनं वाटी माझ्यापुढं धरली. त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याचं तोंड दिव्यासारखं उजळलेलं होतं. दारात बाजीराव. मालननं पुन्हा काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी हात वर करून तिला गप्प केलं.

उजवा हात.

तो तसाच वर ठेवला. पदराबाहेर, उजेडात, सगळ्यांसमोर. बोटं हलत होती.

"बघून घ्या," मी म्हटलं. "अक्षय्यतृतीयेपास्नं असा हाय. ह्या हातानं आता रेघ होत न्हाई. डोळाबी होत न्हाई."

"आई!" राजाराम म्हणाला.

"तू गप. वकीलसाहेब, तुमची अट माझ्या हाताची होती. ह्या घरात आता ब्रशाचा हात तिचा. तिची रेघ ती माझी रेघ. पटत असंल तर दुसरी बाजूबी तीच ओढंल. पटत नसंल तर गाडी घेऊन जावा, दोर माझ्याकडं हाय."

वकीलसाहेब माझ्या हाताकडं बघत होते. मग खुर्चीत बसले, पहिल्यांदाच.

"ओढा सूनबाई," ते म्हणाले. "मी बसतो."

दुसरी बाजू मी बघितली नाही. मी बाजीरावकडं बघत होते. तो दारातून निघाला, तेव्हा मी म्हटलं, "सांग जा गल्लीला. पर सगळं सांग. अर्धंच सांगितलंस तर घरी येऊन जीभ ओढीन."

वकीलसाहेब गेले, राजाराम आणि अन्वर गाडीचे दिवे लावत बसले. मी स्वयंपाकघरात गेले. मालन ब्रश धूत होती. मी दार लोटलं.

"कधीपास्नं ठाऊक होतं तुला?"

"उंदराचा डोळा तुम्ही पुसून पुसून काढत होता, तवापास्नं."

"म्हणून आज दया केलीस व्हय माझ्यावर?"

तिनं ब्रश झटकला. "दया? तुमच्यावर? दया करायला माणूस मऊ लागतंय समोर."

"मग काय होतं ते?"

"गाडी आणायला ह्यास्नी मीच सांगितलं," ती म्हणाली. "वकिलांच्या घरी गणपती पोचवाय गेल्तो आम्ही गेल्या साली, तवा पोत्याखाली बघितली होती. रेघ पुसट दिसत होती अंगावर. म्हटलं, डोळा तर मला ह्या जन्मात मिळायचा न्हाई. गाडी आणली तर रेघ तरी मिळंल. आणि तुम्ही एकदा बघाल तरी, माझा हात कसा चालतोय. तर त्या म्हाताऱ्यानं तीबी तुमच्याच नावावर लावली!"

मी पाटावर बसले.

"मग पुसलीस कशाला?" मी विचारलं. "माझी वाकडी रेघ बाजीरावनं बघितली असती, तर ब्रश आपोआप आला असता तुझ्याकडं. नुसतं उभं राहायचं होतं."

"तसा नको होता." तिनं ब्रशाचे केस दोन बोटांत घेऊन टोक केलं, मी करते तसंच. "खाली पडलेला उचलायचा नव्हता, आत्याबाई. हातात दिलेला पायजे होता."

आज इतक्या वर्षांनी सांगते, त्या क्षणापर्यंत मला ती पोरगी कधी आवडली नव्हती. दया केली असती तर मी तिला जन्मभर माफ केलं नसतं, आणि ब्रशही दिला नसता. पण तिला माझी जागा हवी होती, सरळ, मागून घेतलेली. तशीच मला हवी होती, नवरा गेला तेव्हा.

"चल," मी म्हटलं.

"कुठं?"

"कारखान्यात. आखणीला."

"आज? नागपंचमी हाय. मातीला हात..."

"रंगाला हात लावायचाय, मातीला न्हाई."

तिनं मांडणीवरून तळहाताएवढा गणपती उचलला. मी तो तिच्या हातातून घेतला आणि परत ठेवला. कोपऱ्यात मंडळाची मोठी मूर्ती होती, छताला मुकुट लागलेली. मी त्या मूर्तीपुढं शिडी लावली.

"येड्या झाला काय?" मालन म्हणाली. "पयल्याच झटक्याला ही?"

"ब्रश मागायचा तर चुकायला लहान जागा मागायची न्हाई. चढ. मी खालनं सांगते. आधी वरची पापणी. नाकाच्या अंगानं सुरू कर, बाहेर जाऊ दे, घाई करू नको. ट्रक न्हाई तो, पळून जात न्हाई."

"रेघ येते मला. डोळा येत न्हाई."

"म्हणून तर मी हाय. हात थरथरतोय माझा, जीभ अजून न्हाई."

ती चढली. पहिली पापणी मी तिला पुसायला लावली. दुसरी पण. तिसऱ्या वेळी ती वरून ओरडली, "आता काय झालं?" मी म्हटलं, "बघतोय, पर बाजीरावच्या कारखान्याकडं बघतोय. माझ्याकडं बघाय लाव." चौथ्यांदा मी पुसायला लावलं नाही. ती वरून खाली बघत राहिली, मी वर.

"बरं हाय," मी म्हटलं. "दुसरा काढ."

गल्लीत बोलायचं ते बोलले. काही गिऱ्हाइकं गेली, खरं आहे. राजाराम लाल गाडी घेऊन रंकाळ्याला फेऱ्या मारायला लागला आणि मी रोज त्याला शिव्या देत होते, कारण मालनला शिव्या द्यायला वेळ नव्हता. तिला मी मागं बसून सांगत होते, ती काढत होती, आम्ही भांडत होतो, आणि गणपती एक एक करून डोळे उघडत होते.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मंडळाची पोरं ताशा वाजवत मूर्ती न्यायला आली. कापड काढलं आणि ताशा थांबला. सगळी मान वर करून उभी राहिली. मग त्यांचा अध्यक्ष माझ्याकडं वळला.

"आक्का, लोक कायबाय बोलत होते," तो म्हणाला. "पर हे डोळं तुम्हीच काढलंत न्हवं?"

मालन माझ्या मागं उभी होती.

"मालननं," मी म्हटलं. "काय म्हणणं हाय?"